पुढची काच पुन्हा त्याच कोपऱ्यातून तडकते आहे? स्वस्त काच शोधण्याआधी हे तपासा

साडेतीन वर्षांत माझ्या गाडीने तीन पुढच्या काचा पाहिल्या. पहिली दगडाने गेली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा काही सांगून येत नाही. दुसरी मात्र सात महिन्यांत गेली, तीही उभ्या गाडीत. रात्री धड होती, सकाळी पाहते तर चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघून वर आरशाच्या दिशेने वळलेली. ही दुसरी काच मी चार ठिकाणी भाव काढून, सगळ्यांत कमी सांगणाऱ्याकडून बसवून घेतली होती. त्यामुळे घरातल्यांसकट सगळ्यांचं एकच मत पडलं: हलकी काच घेतलीस, दुसरं काय होणार!

मलाही तसंच वाटलं होतं. तिसऱ्या वेळी दुप्पट भावाची काच घ्यायची तयारीही मी केली होती. प्रत्यक्षात जी बसली ती दुसरीच्याच कंपनीची, जवळपास त्याच भावाची, आणि ती अजून शाबूत आहे. मधे काय बदललं ते पुढे येईलच. पण त्यासाठी सुरुवात काचेच्या दुकानापासून नाही, तड्यापासून करावी लागते.

तडा कुठून निघाला?

दिवसाउजेडी, तिरप्या प्रकाशात, दहा मिनिटं तड्याजवळ बसा. तड्याला दोन टोकं असतात. त्यांपैकी मूळ कोणतं ते शोधायचं आहे. मुळाशी बारीक खळी, चुरा झालेला पांढरट ठिपका किंवा चांदणीसारखी आकृती दिसली तर काचेला मार बसलेला आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल तर बॉलपेनचं टोक तड्यावरून हलक्या हाताने ओढत न्या. टोक कुठेतरी अडखळून खळीत उतरलं, तर खडा तिथेच लागला होता. टोक सगळीकडे सुळकन सरकत असेल आणि तड्याचं एक टोक थेट काठाच्या काळ्या पट्ट्यात शिरत असेल, तर तो बहुधा ताणाचा तडा आहे. बहुधा म्हणते, कारण बीडिंगच्या (काठावरच्या रबरी पट्टीच्या) आत लपलेला मारही असू शकतो. म्हणून बीडिंग हलकेच वर उचलून टॉर्चने आत पाहून घ्या.

काच दाब बराच सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही. त्यातही तिची कड सगळ्यांत हळवी, कारण कापताना-घासताना तिथे नजरेला न दिसणारे ओरखडे राहतात. गाडीची पुढची काच गोंदाच्या एका जाड, लवचीक वेढ्यावर तरंगत असते म्हटलं तरी चालेल. तापमान एक अंशाने वाढलं की पोलाद प्रत्येक मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं, काच साधारण ९. १.४ मीटर रुंदीची काच घ्या आणि दिवसरात्रीत ४० अंशांचा फरक धरा, तर पत्रा आणि काच यांच्या वाढीत ०.१७ मिमीच्या आसपास तफावत पडते. मधला गोंद ती सहज पचवतो. पण एखाद्या ठिकाणी गोंदच नसेल आणि काच थेट पत्र्यावर, जुन्या गोंदाच्या गाठीवर किंवा गंजाच्या फोडावर टेकली असेल, तर सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. मग रात्रीचा गारवा, सकाळचं ऊन, जोरात आपटलेलं दार, काहीही निमित्त पुरतं.

निमित्ताला कारण समजणं ही या प्रकरणातली नेहमीची चूक. ‘तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं म्हणून गेली’ हे खरंही असतं. तापलेल्या काचेवर थंड एसीचा झोत सोडणं किंवा गोठलेल्या काचेवर कढत पाणी ओतणं वाईटच. पण धड काच धड बसवलेली असेल तर ती रोजचं ऊन-गारवा वर्षानुवर्षं सोसते. एकाच कोपऱ्यातून दोनदा तडा गेला असेल तर हवामानाला दोष देऊ नका, कोपरा उघडून बघा.

बदलायलाच हवी का?

मार लहान असेल आणि लवकर लक्षात आला असेल तर काच वाचते, आणि त्याहून स्वस्त काही नाही. पुढची काच म्हणजे दोन काचांचं सँडविच: बाहेरची काच, मधे पीव्हीबी या पारदर्शक प्लॅस्टिकचा नेहमी ०.७६ मिमीच्या आसपासचा थर, आत दुसरी काच. खड्याने सहसा बाहेरचीच फुटते. त्या पोकळीतली हवा ओढून राळ भरतात, अतिनील दिव्याने ती कडक करतात, आणि तडा पुढे सरकायचा थांबतो. डाग पूर्ण जात नाही. पाण्याचा थेंब वाळल्यासारखी खूण राहते आणि तेवढी सहन करावी लागते.

(या सँडविचची कथा गमतीची आहे. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या हातून चंबू पडला आणि फुटूनही विखुरला नाही, कारण त्यात पूर्वी ठेवलेलं सेल्युलोज नायट्रेटचं (ज्यापासून सेल्युलॉइड बनतं त्याचं) द्रावण वाळून आतून पापुद्रा धरला होता. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. सुरुवातीच्या काचांतलं सेल्युलॉइड उन्हाने पिवळं पडायचं. पुढे पीव्हीबी आलं तेव्हा ती कटकट मिटली.)

राळेचा उपाय कुठे चालत नाही हे मात्र ठाऊक हवं. आतली काच फुटली असेल तर नाही. तडा कडेपर्यंत पोहोचला असेल तर शहाणा कारागीर हात लावत नाही. चालकाच्या थेट नजरेसमोर असेल तर मोठी दुरुस्ती करू नये, कारण रात्री समोरच्या दिव्यांनी ती खूण चमकते. ब्रिटिश मानकात स्टिअरिंगच्या समोरचा २९० मिमी रुंदीचा पट्टा वेगळा काढला आहे आणि तिथे १० मिमीपेक्षा मोठ्या इजेची दुरुस्ती मान्य नाही. तुमच्याकडे नियम कोणताही असो, हा अंदाज वापरायला हरकत नाही.

टवका उडाला की लगेच कोरड्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावा. धूळ-पाणी आत गेलं की राळ नीट भरत नाही. आणि घरातला झटपट चिकटणारा गोंद त्यात टाकू नका. मी स्वतः पहिल्या काचेवर हा उद्योग केला होता. गोंद वाळून बसला, राळ जायला वाटच उरली नाही, आणि चार दिवसांनी तडा हातभर लांबला. वाचू शकणारी काच मीच घालवली.

भाव नेमका कशाचा सांगतात?

आता बदलायचीच आहे असं धरू. फोनवर ‘अमुक गाडीची पुढची काच केवढ्याला?’ असं विचारलं की पाच ठिकाणी पाच आकडे येतात आणि त्यांची तुलना होऊच शकत नाही. कुणी नुसती काच सांगतो, कुणी काच आणि मजुरी, कुणी बीडिंग-क्लिपा जुन्याच वापरणार असतो, कुणी आरशामागच्या कॅमेऱ्याच्या जुळवणीचं नावच काढत नाही. माझ्या दुसऱ्या काचेचा सगळ्यांत कमी भाव असाच जमला होता. नंतर बीडिंग वेगळी, सीलंट वेगळं असं करत तो दुसऱ्या क्रमांकाच्या भावाजवळ जाऊन टेकला. म्हणून एकच वाक्य ठरवून ठेवा: काच, गोंद, प्रायमर (गोंद नीट धरावा म्हणून आधी लावायचा थर), नवी बीडिंग, क्लिपा, मजुरी, सेन्सर-कॅमेरा आणि कर धरून शेवटचा आकडा किती, आणि गळती किंवा ताणाच्या तड्याची हमी किती महिन्यांची? हमीच्या प्रश्नावर जो चाचरतो त्याचा आकडा कितीही गोड असला तरी बाजूला ठेवा.

एकाच मॉडेलच्या गाडीला चार-पाच वेगवेगळ्या काचा असू शकतात, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. वर निळी पट्टी असलेली-नसलेली, पावसाच्या सेन्सरची, कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटची, आवाज कमी करणाऱ्या खास थराची, गरम होणाऱ्या तारांची, काचेवर वेग दाखवणाऱ्या हेड-अप डिस्प्लेची. या शेवटच्या प्रकारात मधला थर पाचरीसारखा असतो, वर जाड आणि खाली पातळ. साधी काच बसवली तर आकडे दोन-दोन दिसतात. म्हणून मॉडेल आणि साल सांगून थांबू नका. १७ अक्षरी चासी नंबर द्या आणि जुन्या काचेच्या कोपऱ्यातल्या खुणेचा, आरशामागच्या भागाचा फोटो पाठवा. उलट बाजूही लक्षात ठेवा: तुमच्या गाडीत सेन्सर नसताना सेन्सरवाली महाग काच गळ्यात मारली जाऊ शकते.

मग काच कुणाची? गाडीच्या कंपनीचा लोगो असलेली काच गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. सेंट-गोबेन सेक्युरिट, एजीसी, पिल्किंग्टन, फुयाओ असे मोजके मोठे काच-उत्पादक गाड्यांच्या कारखान्यांना काचा पुरवतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या काचा लोगोशिवाय खुल्या बाजारातही मिळतात. लोगोचे जे पैसे जातात त्यातला मोठा भाग विक्रीच्या साखळीचा असतो. माझं मत स्पष्ट आहे: कॅमेरा किंवा हेड-अप डिस्प्ले नसलेल्या गाडीला नावाजलेल्या उत्पादकाची लोगोशिवायची काच बिनधास्त घ्यावी. कॅमेरा असेल तर एकदा विचार करावा, कारण कॅमेऱ्यासमोरच्या भागात काच किती सपाट आहे आणि ब्रॅकेट किती अचूक चिकटवला आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

काच हातात आली की आधी कोपऱ्यातली खूण वाचा. वर्तुळात इंग्रजी ई आणि त्यापुढे देशाचा आकडा असेल (१ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स), शेजारी ४३आर असेल, तर ती संयुक्त राष्ट्रांच्या वाहनकाच नियमाप्रमाणे मंजूर आहे. त्याच खुणेत रोमन दोन असेल तर साधी लॅमिनेटेड, म्हणजे वर सांगितलेल्या सँडविचची काच. अमेरिकी पद्धतीच्या खुणेत ‘डॉट’ क्रमांक आणि ‘एएस१’ असतं. एएस१ म्हणजे पुढच्या काचेला चालणारी, किमान ७० टक्के प्रकाश आत सोडणारी. काहीच खूण नसेल किंवा नुसता चिकटवलेला कागद असेल तर ती काच फुकट दिली तरी घेऊ नका.

त्यानंतर काच उभी करून तिच्यातून एखाद्या खांबाकडे किंवा फरशीच्या रेघांकडे बघा, गाडीत जितकी तिरपी असते तितकी तिरपी धरून. मान सावकाश हलवली की रेघा पाण्यात पडल्यासारख्या लचकत असतील तर ती काच परत करा. मधल्या भागात असं काही दिसता कामा नये. काठालगत थोडं लचकणं चांगल्या काचांतही असतं, त्याचा बाऊ करू नका. आणि सगळ्या कडांवरून नजर फिरवा. कडेला टवका असलेली काच बसवताना किंवा बसवल्यावर लवकरच तडकू शकते.

भंगारातली काच? दाराची काच भंगारातून घ्यायला माझी काहीच ना नाही. ती सहसा टफन, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेली, काच असते, क्लिपांनी बसते, निघते. पुढची काच मात्र गोंदातून कापून काढावी लागते. कापताना कडेला इजा होते, पीव्हीबी कडेने ओल धरून दुधाळ झालेलं असू शकतं, आणि वर्षानुवर्षं धुळीच्या माऱ्याने काचेवर बारीक टोच्यांची जाळी झालेली असते जी दुकानात दिसत नाही, रात्री समोरचा दिवा डोळ्यावर आला की दिसते. एकच अपवाद: रबराच्या गॅस्केटमध्ये बसणारी जुन्या गाड्यांची काच. ती न कापता निघते, रबराच्या खाचेत दोरी घालून आतून ओढत पुन्हा बसवता येते. नवी मिळेनाशी झालेल्या जुन्या गाड्यांना तोच मार्ग उरतो.

गोंदाकडे लक्ष द्या

काचेत पैसे वाचवता येतात, गोंदात वाचवायचे नाहीत. चिकटवलेली पुढची काच नुसता वारा अडवायला नसते. गाडी उलटली तर छप्पर तोलून धरण्यात तिचा वाटा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना या काचेवर आपटून प्रवाशाकडे वळते. गोंद कच्चा असेल तर एअरबॅग काचच बाहेर ढकलते.

काम चालू असताना शेजारी उभं राहायला लाजू नका. मी दुसऱ्या वेळी चहा प्यायला गेले होते. तिसऱ्या वेळी तिथेच स्टूल टाकून बसले. चांगला कारागीर जुना गोंद खरवडून पत्रा उघडा करत नाही. एक-दोन मिमीचा सपाट थर ठेवतो, कारण ताजा गोंद जुन्या धरलेल्या गोंदावरच उत्तम धरतो. पात्याचा ओरखडा पत्र्यापर्यंत गेला तर तिथे प्रायमर लावून वाळू देतो. काचेची काळी पट्टी साफ करून तिच्यावर लावायचं द्रव लावतो आणि नंतर तिथे बोट लावत नाही. नळीच्या टोकाला त्रिकोणी खाच कापून गोंदाची उभी, त्रिकोणी, साधारण १२ मिमी उंचीची सलग रेघ ओढतो. मधे तुटलेली रेघ म्हणजे उद्याची गळती. मग वरचा थर धरायच्या आत, काही मिनिटांत, काच ठेवतो.

नळीवरची मुदत वाचा. संपलेल्या मुदतीचा गोंद वरून नव्यासारखाच दिसतो. त्याच नळीवर किंवा सोबतच्या कागदावर गाडी किती वेळाने चालवायची तेही दिलेलं असतं: काही गोंदांना अर्धा-एक तास, काहींना बरेच तास. एका घटकाचे युरेथेन गोंद हवेतल्या ओलीने वाळतात, म्हणून थंड आणि कोरड्या दिवसांत ते वेळ घेतात. ‘दहा मिनिटांत घेऊन जा’ म्हणणाऱ्याला नळी दाखवायला सांगा. काळ्या सिलिकॉनने किंवा नुसत्या डांबरी पट्टीने काच चिकटवणारेही भेटतात. तिथून काच हातात घेऊन परत फिरा.

कॅमेरा आणि सेन्सर

आरशामागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो नव्याने जुळवावा लागतो. काही गाड्यांत समोर ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक ठेवून, काहींत ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवून, काहींत दोन्ही. कॅमेऱ्याची नजर एका अंशाने कलली तर ६० मीटरवर ती जवळजवळ एक मीटर बाजूला जाते, म्हणजे शेजारच्या लेनची गाडी तुमच्यापुढची वाटू शकते. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. जुळवणीचा अहवाल मागून घ्या. हा खर्च कधी कधी स्वस्त काचेइतका भरतो, म्हणूनच तो आधी विचारायचा.

पावसाचा सेन्सर काचेच्या आतून अवरक्त प्रकाश सोडतो. काच कोरडी असेल तर तो आतल्या आत परततो, थेंब असेल तर निसटतो. सेन्सर आणि काच यांच्यामधली जेलची चकती जुनीच चिकटवली आणि बुडबुडा राहिला, की लख्ख उन्हात वायपर फिरू लागतात. नवी चकती लावली की प्रश्न सुटतो, वायपरची मोटर बदलायची गरज नाही. हेही मी एका ओळखीच्या गाडीत पाहिलं आहे, तिथे मोटर बदलून झाली होती.

विमा असेल तर काच उतरवण्याआधीच कळवा आणि फोटो काढून ठेवा. फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक असेल तर तीन गोष्टी पाहा: तुमच्या खिशातून जाणारा पहिला हिस्सा किती, दाव्याने पुढच्या वर्षीची सवलत जाते का, आणि काचेसाठी वेगळी तरतूद आहे का. काच साधी आणि स्वस्त असेल तर पुष्कळदा दावा न करणंच परवडतं.

माझ्या कोपऱ्यात काय निघालं

तिसऱ्या वेळी मी ज्या कारागिराकडे गेले त्याने भाव सांगण्याआधी दोन गोष्टी केल्या. दारांच्या काचांवरची सालाची खूण वाचली आणि मला विचारलं, पहिली काच कोणत्या सालची होती? गाडी मी वापरलेली घेतली होती. पहिल्या काचेचा एक फोटो फोनमध्ये सापडला. दारांच्या काचा एका सालच्या, ती मात्र चार वर्षांनी नवी. म्हणजे मी ज्या काचेला मूळची समजत होते तीच मुळात बदललेली होती. उत्पादक महिना-साल आकडा आणि ठिपक्यांनी दाखवतात. पद्धत प्रत्येकाची वेगळी, पण एकाच गाडीच्या काचा एकमेकींशी ताडून पाहायला तेवढं पुरतं.

मग त्याने काच उतरवली आणि चालकाच्या बाजूचा खालचा कोपरा दाखवला. कधीतरी कुणाचं तरी पातं पत्र्यावर खोल घसरलं होतं. त्या ओरखड्यावर प्रायमर न लावता गोंद ओढला गेला, आतल्या आत गंज धरला आणि फुगून त्याचा हरभऱ्याएवढा फोड झाला. गंज मूळ पत्र्यापेक्षा जास्त जागा खातो. दुसरी काच बसवणाऱ्याने तो फोड तसाच ठेवून वर गोंदाची रेघ ओढली होती. काच तिथे वर उचललेली, बाकीकडे खाली दाबलेली. त्यात तिची जात कोणती याने काहीही फरक पडला नसता.

दोन दिवस गाडी त्याच्याकडे राहिली. फोड चकाकत्या पत्र्यापर्यंत घासला, गंजरोधक लावलं, इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावरच काच. रंग ओला असताना गोंद ओढला तर तो रंगाला धरतो आणि रंगच पत्र्यावरून सुटतो, म्हणून दुसरा दिवस. काच बसवण्याआधी त्याने ती गोंदाशिवाय नुसती ठेवून पाहिली, चारही बाजूंची फट बोटाने चाचपली, काच कुठे डुगडुगते का ते पाहिलं. याला पाच मिनिटंही लागली नाहीत. हे कोरडं बसवून पाहणं तुम्ही आग्रहाने करून घ्या, विशेषतः गाडीला पूर्वी अपघात झाला असेल आणि काचेशेजारचा गाडीचा खांब ओढून सरळ केलेला असेल तर. या सगळ्या डागडुजीचा खर्च स्वस्त आणि महाग काचेतल्या फरकापेक्षा बराच कमी आला.

बसवल्यानंतर: गळती आणि शिट्टी

पहिला दिवस दार जोरात आपटू नका. एखादी खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, म्हणजे आतल्या हवेचा दाब ओल्या गोंदावर येत नाही. कारागिराने लावलेल्या पट्ट्या दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या. दाबाच्या फवाऱ्याने धुणं काही दिवस टाळा.

पायाशी ओल दिसली तर लगेच काचेवर आळ घेऊ नका. वायपरखालच्या जाळीत पानं साचून निचरा तुंबलेला असू शकतो, सनरूफच्या नळ्या तुंबलेल्या असू शकतात, एसीचं पाणी आत झिरपत असू शकतं. ओल फक्त एसी चालवल्यावर येत असेल तर काच निर्दोष आहे. नाहीतर मदतनीस घ्या: आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं, बाहेर दुसऱ्याने पाइपमधून बिनदाबाचं पाणी आधी खालच्या कडेवर, मग बाजूंना, शेवटी वर सोडायचं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि भोक कुठे ते कळतच नाही. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: सगळ्या काचा बंद, पंखा पूर्ण जोरात, बाहेरची हवा आत घेण्याच्या स्थितीत, आणि बाहेरून कडेला साबणाचं पाणी. जिथे बुडबुडे फुगतात तिथे फट.

वेगात शिट्टी वाजत असेल तर बीडिंगवरून चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावून गाडी चालवा. शिट्टी थांबली तर एकेक बाजू सोडवत पुन्हा चालवा. बहुतेक वेळा बीडिंग उचललेली किंवा एखादी क्लिप तुटलेली निघते, आणि काच न काढता काम होतं. पण पाणीही येत असेल तर वरून सीलंटची रेघ मारून देतो म्हणणाऱ्याला थांबवा. पाणी आत अडकून पत्रा गंजतो, आणि पुढचा फोड तिथेच तयार होतो. हमीत काच काढून पुन्हा बसवून घ्या.

माझ्या तिसऱ्या काचेला मागच्या महिन्यात टवका उडाला, मसुराएवढा, शेजारच्या सीटसमोर. गाडी बाजूला घेतली, चिकटपट्टी लावली, दुसऱ्या दिवशी राळ भरून घेतली. खूण आहे, तडा नाही.